काकांची व्हॉइस नोट

आमच्या नागपूरच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक काका आहेत. ते लिहीत नाहीत, बोलतात. त्यांची प्रत्येक व्हॉइस नोट ‘ऐका गा’ म्हणून सुरू होते, मागे कुकरची शिट्टी वाजत असते, आणि विषय कुठलाही असो, शेवटी ते माणसाच्या एकटेपणावर येतात. मला ते ऐकायला आवडतं.

परवा जवळच्या खापा गावच्या एका मुलीच्या पहिल्या कादंबरीबद्दल बोलताना त्यांनी ठणकावून सांगितलं, शेवट साफ फसला आहे. खाली आम्ही भराभर ‘सहमत’ लिहिलं. ती मुलगी ग्रुपवरच होती. तिनं विचारलं, “काका, शेवटात नेमकं काय खटकलं?”

मग काकांची नोट आली. आवाज पार उतरला होता. “पोरी, मी तुझं पुस्तक वाचलंच नाही वं. मागच्या कव्हरवरचं वाचून बोलून गेलो. मले लय लाज वाटून राहिली. माफ कर.”

तिचं उत्तर यायच्या आत आमचे ‘सहमत’ एकेक करून डिलीट होऊ लागले. पुस्तक मीही उघडलं नव्हतं. मीही माझा मेसेज डिलीट केला. काकांनी मात्र आपल्या दोन्ही नोट्स तशाच राहू दिल्या.