विसाव्याचा फ्रेंच शब्द

"कुणा गैरहजराच्या बदलीचं काम मिळेल म्हणून गिरणीच्या फाटकावर उन्हात मरायचंय का, बाबा? जरा पडा की!"

"दुपारचं पडायला मी काय सायब हाय?"

गिरणीनं कामावरून कमी केलेले धर्मपाल जेवणाचा डबा बांधत होते. कॉलेजात फ्रेंच शिकणारी मनकर्णा चिडली.

"फ्रेंचमध्ये याला 'शोमे' म्हणायचे. मूळ ग्रीक शब्द उन्हाच्या तलखीचा. त्यावरून भर उन्हात काम थांबवून विसावणं."

"आन् आता बी तेच म्हनत्यात?"

ती अडखळली. "आता... बेकार असणं."

"मंग मला नगं तुजा विसावा. कामावर घेनारा जॉबर आज नाव पुकारील."

"आजवर एकदा तरी पुकारलं का?"

धर्मपालांनी डबा उचलला आणि ते उन्हात निघून गेले.