मागून हाक मारू नये

आता तुमच्यापासून काय लपवायचं? देवासच्या भर चौकात माझी जी शोभा झाली, ती मीच सांगितलेली बरी. नाहीतर आमच्या हिच्याकडून ऐकाल, आणि ती मीठमसाला लावून सांगते.

आमची सई अठराची झाली, लायसन्स आलं. मी एकसारखी दोन काळी हेल्मेट आणली, एक तिला, एक मला. मग महिनाभर तिच्या मागे बसून प्रवचनं दिली. पोरगी वैतागली.

"बाबा, सोमवारी कॉलेजला मी एकटी जाणार. तुम्ही मागे यायचं नाही."

"कबूल. पण पोलिसानं अडवलं तर गाडीची किल्ली माझ्याकडे."

"आणि तुम्हाला अडवलं तर तुमची माझ्याकडे."

मला हसू आलं. मला कोण अडवणार?

सोमवारी अंघोळ करून बाहेर येतो, तर सई नुकतीच निघालेली आणि चपलांच्या रॅकवर हेल्मेट तसंच. हाक मारायला तोंड उघडलं, तर हिनं त्यावर हातच ठेवला.

"दही-साखर देऊन पाठवलीय. मागून हाक मारू नये."

"अगं, हेल्मेट विसरली ती. फोन तरी करतो."

"फोन म्हणजे हाकच की. आणि गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं?"

मीच. आमचे पूर्वज इथल्या दरबारात होते. दरबार गेला, शकुन-अपशकुन तेवढे आमच्याकडे राहिले. म्हणजे आता पुढे जाऊनच सांगायचं.

हेल्मेट कोपरात अडकवलं, माझी स्कूटर काढली आणि तिला गाठायला भाजीबाजाराच्या गल्लीत उलट्या बाजूनं घुसलो. "ओ भिया, दिखता नहीं क्या?" एक भाजीवाली ओरडली. चौकात पोचलो तो पांढऱ्या पट्ट्याच्या पार पुढे. तिथंच शिट्टी वाजली.

"अंकलजी, हेल्मेट?" वाहतूक पोलीस बाई होत्या.

"ये मेरा नहीं है मॅडम, बेटी का है. भूल गई बेचारी. पीछे से आ ही रही है."

आली. पट्ट्याच्या अलीकडे थांबली. डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा घट्ट.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तो फिर ये किसका है? पहन के दिखाओ."

घातलं. अगदी चपखल बसलं. आतून माझ्याच केसांच्या मेंदीचा वास आला.

चालान फाटलं. वाटलं, सई आता ओळखसुद्धा दाखवणार नाही. पण तिनं गाडी कडेला लावली, जवळ आली आणि माझा पट्टा लावून दिला, लहानपणी मी तिची माकडटोपी बांधायचो तसा. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

मग ती हळूच म्हणाली, "किल्ली घरी गेल्यावर आईकडे द्या."

आठवडाभर कारखान्यात बसनं गेलो. रविवारी तिनंच किल्ली परत दिली. सोमवारी मी स्कूटर काढली, गल्लीच्या वळणापर्यंत आलो, आणि मागून खणखणीत हाक आली, "बाबा, हेल्मेट!"

वळून पाहिलं. सईशेजारी ही उभी होती. शकुनाची एवढी पक्की बाई, पण लेकीला एका शब्दानं बोलली नाही.

काय बोलणार? हेल्मेट पुन्हा माझ्या कोपरातच होतं.