सुमेधचा राउंड

शेषराव बोरकरांना कुणी "आता बसा" म्हटलं की ते मुद्दाम उभे राहायचे. भिलाईच्या प्लांटात कोक ओव्हनच्या धगीसमोर चौतीस वर्षं काढलेला हा भंडाऱ्याकडचा गडी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पहाटे साडेपाचला सायकल काढून सेक्टर ६ च्या मैदानावर व्यायामाला हजर! प्लांटाने त्यांना पगार दिला, क्वार्टर दिलं आणि एक सवय लावली. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस समोर येऊन उभा राहिला, त्याला सगळी खरी परिस्थिती सांगितली, की मगच हात धुवायचे. एकदा रिलीव्हर आलाच नाही म्हणून ते सोळा तास उभे होते. ही हकिकत ते इतक्यांदा सांगत की ऐकणाऱ्याचेच पाय दुखू लागत.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुमेध फौजेत होता. नऊ वर्षांपूर्वी डिसेंबरात सीमेवर शहीद झाला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवसाजवळच्या रविवारी मैदानावरची मंडळी आपल्या पद्धतीने आठवण काढतात. भाषण नाही, हार नाही. आसपासच्या वस्त्यांतल्या अकरा शहीद जवानांची नावं एकेक करून पुकारायची. प्रत्येक नावाला एकाने वीस किलो रेतीची बोरी घेऊन मैदानाचा एक राउंड मारायचा, आणि तो पुरा होईपर्यंत बाकीच्यांनी बैठका काढायच्या. नियम एकच, बोरी जमिनीला टेकता कामा नये.

कुणाच्या नावाने कोण चालणार, याचा चार्ट शेषराव स्वतः लिहून कडुनिंबाला चिकटवत. सुमेधच्या नावासमोर दरवर्षी त्यांचंच नाव. बायको सत्यभामाबाई त्याच कडुनिंबाखाली चहाची किटली घेऊन बसत. तिला हे सोसायचं नाही, असं शेषरावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

यंदा उजव्या गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. जुनवानीच्या जिममध्ये शिकवणारी पायल या दिवशी शिट्टी सांभाळायची. ती म्हणाली, "काका, रहने दो ना. सुमेधभाऊचा राउंड मी मारून देते."

"तू शिट्टी वाजव," शेषराव म्हणाले आणि बोरी खांद्यावर घेतली.

"सुमेध शेषराव बोरकर!" पायलने पुकारलं. चाळीसजण बैठकांना लागले. पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्या वळणावर, कडुनिंबाच्या अगदी समोर, गुडघ्यात कळ आली आणि शेषराव जागच्या जागी थांबले. पुढे पाऊल पडेना. बोरी खांद्यावरून घसरू लागली. पलीकडे बैठका चालूच होत्या, लोकांच्या मांड्या थरथरत होत्या, पण थांबायला कुणी तयार नव्हतं. नऊ वर्षांत न टेकलेली बोरी आज माझ्या पोराच्या नावावर टेकणार, या विचाराने शेषरावांना रडूच यायचं बाकी राहिलं.

शेजारचा सुशील धावत आला. "द्या काका."

"हात नको लावू! माहा रिलीव्हर कोन हाय? चार्टवर नाव हाय का तुहं?"

रिलीव्हर म्हणून चार्टवर कुणाचंच नाव नव्हतं. सुशील बिचारा हात मागे घेऊन उभा राहिला.

तेवढ्यात सत्यभामाबाई उठल्या. किटली बाजूला ठेवली, सरळ मैदानात आल्या, पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"द्या इकडे."

"तुले झेपन का वं?"

"पंचवीस वर्सं गव्हाचा डबा चक्कीवर कोन नेत होतं? तुमी तं शिफ्टमंदी राहत होते."

"पन तुले तं हे सोसत नाही..."

"कोनं सांगतलं तुमाले? मले इचारलं कधी? नऊ वर्सांपासून झाडाखाली बसून वाट पाहून राहिली मी. चार्टवर माहं नाव कावून नाही लिवलं?"

 आपण किती मोठी चूक करून बसलो ते शेषरावांना एका क्षणात कळलं. सुशीलने हात लावला आणि बोरी खांद्यावरून डोक्यावर गेली. रिलीव्हर समोर उभा होता, आता खरं सांगायलाच हवं होतं.

"अर्धा राउंड बाकी हाय," ते म्हणाले. "बोरी डावीकडे कलते. अन्... माह्यानं आता होत नाही, सत्यभामा."

"बरं. तुमची शिफ्ट झाली. आता बसा."

आणि शेषराव बसले.

सत्यभामाबाई निघाल्या. दोन्ही हात मोकळे, चपला फटफटत, त्या आधीच्या सगळ्या पठ्ठ्यांपेक्षा झपाझप चालल्या. लोक हसत, धापा टाकत बैठका काढत राहिले. राउंड पुरा झाला, बोरी पुढच्या खांद्यावर गेली. टेकली नाही.

परतून त्या पाहतात तर शेषराव कडुनिंबाला धरून उभे. पायलकडून पेन घेऊन त्यांनी चार्टवर स्वतःच्या नावाखाली "सत्यभामा" लिहिलं होतं. डोळे वाहत होते, पण चेहरा हसरा होता.

सत्यभामाबाईंनी पदर सारखा केला आणि चार्ट नीट वाचला.

"फुडच्या वर्सी माहं नाव वर लिवा," त्या म्हणाल्या, "अन् किटली तुमी सांभाळा."