आम्ही तिघे साक्षीदार

माफी असावी. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच, आणि लिहितो आहे तेही स्वतःच्या खोटेपणाबद्दल. पण दुसरं काही लिहायला बसलो की हेच आडवं येतं.

गडचिरोलीच्या कचेरीच्या व्हरांड्यात ठेकेदाराच्या मुनशीनं माझ्या बापाची पाठ थोपटली. बैलाची थोपटतात तशी.

"शहाणा झाला गा म्हातारा."

लोक हसले. बापही हसला.

झालं होतं असं. बांबूच्या तोडीवर त्याच ठेकेदाराच्या मुकादमानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं आमच्या गावच्या दसरूचा हात मोडला. पाहिलं तिघांनी. बापानं, शेजारच्या सोमाजीभाऊंनी आणि सुट्टीत तोडीवर गेलेल्या मी. खरं सांगू, अशी आम्ही गावदेवासमोर तांदूळ हातात घेऊन शपथ घेतली. आमच्याकडे शपथ झाली की साक्ष होईपर्यंत साक्षीदार एकमेकांशी बोलत नाहीत. बोलला तर शपथ बाटते. म्हणून कचेरीसमोर आम्ही तीन झाडांखाली तिघे बसलो. मुनशीला ही रीत ठाऊक होती.

तो सोमाजीभाऊंकडे गेला. मग बापाकडे. मग माझ्याकडे.

"तुझा बाप तं नाई पाह्यलं म्हणून राह्यला. आता तू बापाले खोटा पाडतं का, कालेजवाल्या?"

बाप वीस पावलांवर होता. मी विचारलं नाही. आत जाऊन साहेबापुढे म्हणालो, "मी काही पाहिलं नाही." दसरू समोरच होता, हात गळ्यात बांधलेला.

परतीच्या वाटेवर बाप म्हणाला, "सोमाजी, तू काऊन फिरला गा?"

"तूच फिरला म्हणे."

"मी? मले तं तू फिरला म्हणून सांगतलं."

तिघेही खरं सांगणार होतो. एकट्यानं बोलायची मात्र एकाचीही तयारी नव्हती. मुनशीला तेवढंच लागत होतं.

मुकादम सुटला. मी नागपूरला परत आलो. इथल्या पुस्तकात न्यायावर पानंच्या पानं आहेत. मला ती वाचवत नाहीत.

काल कार्ड आलं, शाळेच्या मास्तरांनी लिहिलेलं. मुकादमानं या वेळी बापाला मारलं. पाहिलं सोमाजीभाऊंनी आणि दसरूनं. दोघंही म्हणतात, आधी दुसऱ्याला सांगू द्या, मग मी.

दसरूला मी कोणत्या तोंडानं दोष देऊ?

उद्याच्या मोटारीनं निघतो आहे. बापाला मारताना मी पाहिलं नाही, ती साक्ष माझी नाही. पण दसरूच्या वेळी मी खोटं बोललो, हे त्याच कचेरीत, त्याच साहेबापुढे सांगणार आहे. खोट्या साक्षीला शिक्षा असते. होईल ती भोगीन. आधी कोण, हे मग त्या दोघांना विचारावं लागणार नाही.