विचारून हात लावणाऱ्या मेट्रनबाई

मेट्रनबाई रोग्याच्या अंगावरची चादरसुद्धा विचारल्याशिवाय बाजूला करत नसत. "पाहू काय, बापू?" म्हणायच्या आणि त्याची मान हलेपर्यंत थांबायच्या. मागे डॉक्टर ताटकळत. "गप्प बसला म्हंजे हो म्हटलं असं नसते," हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

आमच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढल्या वर्षी मी अमरावतीत बी. ए. झालो, घरातला पहिलाच. प्राध्यापकांनी मला मेट्रनबाईंच्या अकोल्याच्या दवाखान्यातल्या नोकरमाणसांची पाहणी करायला पाठवलं. कामाचे तास किती, वरिष्ठ कसे वागतात, असे प्रश्न होते. मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिली आणि सगळ्यांना आपल्याच खोलीत रांगेने बोलावलं. आयती सोय झाली म्हणून मी खुशीत होतो.

रांगेत सखू आया होती. नवऱ्यामागे तिचं घर त्या पगारावर चालायचं. "बाई, सायबासमोर खरं सांगू तं नोकरी जाईन. नाही म्हनू तं बी जाईन," ती मेट्रनबाईंना म्हणाली.

बाईंनी मला बाहेर नेलं. "काहून रे भाऊ, सायबानं हो म्हटलं ते त्याईचं. याईले कोनी इचारलं?"

"पण सगळ्या आल्या आहेत ना, बाई."

"बोलावल्यावर बैलबी येते!"

मग त्यांनी नर्सच्या खोलीत पट्ट्यांचा रिकामा डबा ठेवला. नाव नको, अंगठा नको. ज्याला लिहायचं असेल त्याने लिहावं, नसेल त्याने कोरा कागद टाकावा. घडी मात्र सगळ्यांची सारखी.

"टाकला बाई, कोराच!" सखू मोठ्याने म्हणाली.

"अवं, ते सांगाचं नसते ना, माय!" बाईंनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी डॉक्टरांनी डबा मागवला. बाईंनी तो माझ्या हाती देऊन मला मागच्या दाराने स्टेशनवर धाडलं. सखूची नोकरी राहिली. बाईंची मात्र त्यापायी बदली झाली, अमरावतीला. मी निरोपाला अकोल्याला गेलो तेव्हा दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "चाला. तिथंबी चादरी हायेतच."

त्या पाहणीच्या आधारावर मी पुढे शिकलो, कॉलेजात लागलो. बाई आजारी असल्याचं कळलं तेव्हा अमरावतीच्या वॉर्डात गेलो. डोळे मिटलेले, हात चादरीबाहेर, सुकलेला.

"हात धरू काय, बाई?"

बराच वेळ थांबलो. मान हलली नाही. मी हात मागे घेतला आणि स्टुलावर नुसता बसून राहिलो.