हाताला गार लागणारी पेटी

दुपारचे दोन वाजून गेले की माझं लक्ष दाराकडे लागतं. आमचे हे तळोज्याला एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते. सेकंड शिफ्ट तीनची, आणि नाक्यावर कंपनीची बस अडीचला. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली. विस्मरणाच्या आजारात ह्यांच्या डोक्यातून सणवार गेले, नातेवाईक गेले, अधूनमधून मीही जाते, पण अडीचची बस काही जात नाही. जेवून जरा पडतात, मग उठतात, शर्ट पँटमध्ये नीट खोचतात आणि दार उघडून चालू पडतात. तो नाका आता पूर्वीचा राहिलेला नाही. वरून उड्डाणपूल गेलाय आणि खालून डंपर, कंटेनर, टँकर. धडधाकट माणूस तिथे दहा वेळा मान फिरवून मग पाऊल टाकतो. हे मात्र एकाच बाजूला बघतात, जिकडून बस यायची तिकडे.

कुलूप लावून पाहिलं, एकदाच. हे दारावर तळहात आपटत राहिले आणि म्हणत राहिले, "आत माणसं आहेत, उघडा, आत माणसं आहेत." कंपनीत कधीतरी काहीतरी झालं असणार. मला कधी बोलले नव्हते. त्या दिवसापासून कुलूप लावणं बंद. मग दाराला टिंगटाँग वाजणारी बेल लावली, तर ह्यांना तो कंपनीचा भोंगा वाटला आणि हे दुप्पट वेगाने जिना उतरले.

शेवटी पुण्याच्या सुनेने उपाय शोधला. मुलगा जहाजावर असतो, त्यामुळे आमच्या घराचे सगळे उपाय तिच्याकडूनच येतात. तिने पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर आणला. पडदा नाही, बटणं नाहीत, नुसती हिरवी पाटी आणि तिच्यावर काळ्या चिपा. दाराच्या चौकटीला तिने एक छोटी चकती चिकटवली. दार उघडलं की चकती बिनतारी पाटीला कळवते, पाटी माझ्या मनगटावरच्या पट्ट्याला कळवते, आणि पट्टा थरथरतो. आवाज नाही, त्यामुळे ह्यांना पत्ता लागत नाही. मी उठायचं, दाराशी जायचं आणि म्हणायचं, "अहो, आज सुट्टी आहे."

पण पाटी तापायची. म्हणून ती पंखा असलेल्या प्लॅस्टिकच्या पेटीत बसवलेली होती. तो इवलासा पंखा फुरफुर करायचा. ज्या माणसाने जन्मभर पंपांना कान लावले, त्याला हे कसं सहन होणार? "बेअरिंग गेलंय याचं," म्हणाले आणि शांतपणे प्लग उपटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पंख्याचीच वायर काढून टाकली, तर पाटी तापून बंद पडायला लागली, तीही भर दुपारी, नेमकी बसच्या वेळेला.

"आई, आता बिनपंख्याची केस घ्यायची," सून फोनवर म्हणाली. "पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची. पेटीच उष्णता ओढून घेते आणि बाहेर टाकते. आवाज शून्य."

कुरिअर यायला आठवडा लागला असता. तेवढा धीर मला नव्हता. बाजारात सीसीटीव्ही बसवणाऱ्या एकाचं दुकान आहे, त्याच्याकडे मिळेल असं कळलं. शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवलं. ती म्हणाली, "काकू, मला दोनला शाळेच्या बसवर जायचंय हं." म्हणजे मला दोनच्या आत परत यायचं होतं. रिक्षात बसल्यापासून मी घड्याळच बघत होते.

दुकानदाराने काउंटरवर तीन पेट्या मांडल्या. पहिली काळीभोर, चारी बाजूंनी बंद, आरशासारखी चकचकीत. दुसरी राखाडी, वर कंगव्यासारखे दाते, बाजू उघड्या. तिसऱ्या पेटीला पंखा.

"आजी, ही पंखावाली घ्या. रात्री निळी लाइट लागते, मस्त दिसते."

"आमच्याकडे एक इन्स्पेक्टर आहेत, ते पंखा पास करत नाहीत."

"मग ही काळी. एकदम प्रीमियम."

काळीवर माझा हात गेलाच. काय ती चकाकी. लग्नानंतर मी पहिलं पातेलं घेतलं ते असंच, फक्त चमक बघून. पत्र्यासारखं पातळ होतं. रोज दूध लागायचं आणि ती शहाणी, म्हणजे तेव्हाची मी, रोज दूधवाल्याशी भांडायची. चार महिने भांडली. दूधवाला गरीब बिचारा, शेवटी म्हैस बदलतो म्हणाला. ते पातेलं आठवून मी काळी पेटी उचलली, तळहातावर तोलली, बोटाने वाजवली. टिणटिण केलं तिने. राखाडी ठणठणीत होती, जड, बुडाशी जाड.

"आजी, पातेलं घेताय काय?" दुकानदार हसला.

"मग काय वेगळं आहे त्यात?"

फोनवरून सून म्हणाली, "आई, चारी बाजूंनी बंद असलेली घेऊ नका. दाराची चकती बिनतारी आहे. सगळीकडून धातू असला तर तिचा सिग्नल आत पोचायचा नाही."

झालं. राखाडी घेतली. पावणेदोनला घरी होते. शेजारीण दारातच उभी, चप्पल घालून, आणि हे आत गाढ झोपलेले.

पेटी जोडायला मीच बसले. सूनबाई मीटिंगमध्ये होती आणि थांबायची माझी तयारी नव्हती. पेटीच्या झाकणाला आतून एक जाडसा ठोकळा होता, तो बरोबर मोठ्या चिपेवर टेकायचा. मध्ये ठेवायला रबरासारखी एक मऊ चकती दिलेली, दोन्ही बाजूंनी निळा कागद. एका बाजूचा कागद सोलला आणि चकती ठोकळ्याला चिकटवली. दुसऱ्या बाजूचा ठेवला. म्हटलं, चिकट वस्तू आहे, उगाच धूळ धरेल, चिपेला गोंद लागेल. स्क्रूही हलक्या हातानेच पिळले, आटे जायला नकोत. प्लग लावला. लुकलुकणारा हिरवा दिवा लागला. दार उघडून पाहिलं, मनगट थरथरलं. मी मागच्या खोलीतल्या फळीवर पेटी ठेवली आणि हात लावून बघितला. गार.

दोन दिवस मी तिला येताजाता हात लावत होते, तापातल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. गार. दुपारी गार, जेवताना गार. मला धन्य वाटत होतं. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं की पट्टा थरथरायचा, त्यामुळे शंकाही नव्हती. ह्यांना दोन्ही दिवस कणकण होती, त्यामुळे हे दुपारी उठलेच नव्हते. ते मी हिशेबात धरलं नाही.

तिसऱ्या दिवशी ह्यांना बरं वाटत होतं. दोन घास जास्त जेवले आणि हॉलमधल्या दिवाणावर आडवे झाले. मी मागच्या खोलीत पाठ टेकली. बाहेर ऊन असं होतं की समोरच्या बिल्डिंगकडे बघवत नव्हतं. डोळा लागतो न लागतो तोच सुनेचा फोन.

"आई, नवी केस कशी चाललीय?"

"एकदम छान. बर्फासारखी गार असते. आत्ताच बघितली."

"चमचा ठेव बघू," ती पलीकडे नातीला म्हणाली.

"गार म्हणजे? कोमटसुद्धा नाही?"

"अगं, माठासारखी."

"आई, ती गरम लागायला हवी. उष्णता बाहेर आणणं हेच तिचं काम आहे. ती गार असेल तर सगळी उष्णता आत अडकलीय." मग घाईने म्हणाली, "पाटी माझ्याही फोनवर खबर देते, पण बराच वेळ काही येत नाहीये, म्हणूनच फोन केला. बाबा कुठे आहेत?"

मी मनगटाकडे पाहिलं. पट्टा गप्प होता. तो गप्प आहे म्हणूनच तर मी निवांत पडले होते. फळीवर बघितलं, तर हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून नुसता एकटक जळत होता.

हॉलमध्ये दिवाणावर चादर घडी केलेली. दार लोटलेलं. काळे बूट जागेवर नाहीत.

गाऊनवर ओढणी टाकली आणि निघाले. जिना कसा उतरले ते गुडघ्यांनाच माहीत. सून कानाशी काहीतरी बोलत होती, मी नुसतं "हो हो" करत होते. सावलीत झोपलेली कुत्री सोडली तर रस्त्यावर कोणी नाही. नाक्यावरच्या रिक्षा स्टँडला एक ओळखीचा रिक्षावाला पाय पसरून बसला होता. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "आजोबांना बगताय ना? ते काय, पलीकडं गाडीच्या लायनीत हायेत. मी इचारलं, कुटं चाललाव. बोलले, ड्युटी हाय."

पुलाखाली, रस्त्याच्या पलीकडे, कुठल्याशा कंपनीची पांढरी बस उभी होती. गणवेशातली मुलंमुली पाठीला सॅक लावून एकेक चढत होती. त्या रांगेत, पुढून चौथे, आमचे हे. शर्ट खोचलेला, केस पाण्याने चापून बसवलेले. रांग सरकत होती. एकदा आत बसले की तळोज्याच्या कुठल्या गेटवर उतरतील आणि तिथून कुठे जातील, हे मला कोणीच सांगू शकलं नसतं.

मी हाक मारली, "अहो." समोरून डंपर गेला. पुन्हा मारली. रिक्षा स्टँडवरच्या तिघांनी वळून पाहिलं, ह्यांनी नाही. जन्मभर मी ह्यांना दुसरी हाकच मारलेली नव्हती. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या होत्या, नाव तोंडात नको, आणि ती शहाणी एवढी आज्ञाधारक की रेशनच्या दुकानातसुद्धा नाव विचारलं तर लाजून शेजारणीला सांगायला लावायची. आता नाव आठवलं, पण जिभेला सवय नव्हती. निघालं ते आडनाव. गेटवर हजेरी घेणारा सुपरवायझर ज्या सुरात ओढून हाक मारायचा, त्या सुरात. हे घरी त्याची नक्कल करून दाखवायचे, म्हणून मला सूर पाठ होता.

हे झटकन वळले. ताठ उभे राहिले. "आलो साहेब," असं म्हणाले असावेत, ओठांवरून दिसलं. आणि सरळ रस्त्यावर उतरले.

डावीकडून टँकर येत होता. हे उजवीकडे बघत होते. मी दोन्ही हात वर केले, थांबा म्हणून, तर ह्यांना ते बोलावणं वाटलं आणि हे भराभर चालायला लागले. मागून रांगेतल्या एका मुलीने धावत येऊन ह्यांची कॉलर धरली आणि मागे खेचलं. टँकर गेला. त्याच्या वाऱ्याने माझी ओढणी उडून रिक्षावर पडली.

रिक्षावाल्याने मला हाताला धरून पलीकडे नेलं. मी त्या मुलीचे दोन्ही हात धरले. ती म्हणाली, "आजी, ह्यांना सांभाळा जरा," आणि बसमध्ये चढली.

"साहेब कुठे गेले?" ह्यांनी मला विचारलं.

"गेले. आज शिफ्ट बंद आहे."

"पंप चालू ठेवलाय ना कोणी?"

"ठेवलाय."

तेव्हा कुठे हे माझ्याबरोबर वळले.

घरी आल्यावर ह्यांना लिंबूपाणी दिलं, दाराला खुर्ची लावून तिच्यात शेजारणीला बसवलं आणि पेटी उघडली. फोनवर सून.

"आई, पॅडवर काही आहे का? प्लॅस्टिक वगैरे?"

"निळा कागद आहे. मी ठेवलाय."

"का?"

काय सांगणार? आमच्या घरी पहिला फ्रिज आला तेव्हा ह्या शहाणीने त्याच्या दारावरचं प्लॅस्टिक सात वर्षं काढू दिलं नव्हतं. ते पिवळं पडलं, तडकलं, त्याच्या मागे झुरळांनी संसार थाटले, तरी फ्रिज नवा. सोफा प्लॅस्टिकमध्ये, रिमोट प्लॅस्टिकमध्ये. वाढदिवसाला आलेल्या स्टीलच्या ताटांवरचे स्टिकर तसेच, आणि पाहुणे वरणाखाली कंपनीचं नाव वाचत जेवायचे. सगळ्या वस्तू नव्याच राहिल्या आणि धड एकही वापरली गेली नाही. मला वाटत होतं, त्या बाईला मी केव्हाच घरातून हाकलून दिलंय.

"का आई?" सुनेने पुन्हा विचारलं.

"धूळ बसेल म्हणून," मी म्हटलं. ती हसली नाही. मला बरं वाटलं असतं हसली असती तर.

कागद सोलला. चकती चिपेवर दाबून बसवली आणि स्क्रू आटे जातील इतके पिळले. अर्ध्या तासाने पेटीवर हात ठेवला, तर चांगली ऊन. मी हात तसाच ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी पडलेच नाही. मनगट मांडीवर ठेवून पलंगावर बसून राहिले. ऊन कालच्याइतकंच. पेटीवर बोट टेकवत नव्हतं. सव्वादोन झाले, आणखी थोडं पुढे गेलं, हॉलमध्ये बूट घासल्याचा आवाज आला. पट्टा गप्प. कडी निघाली आणि मनगट थरथरलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

मी दाराशी गेले तेव्हा ह्यांचा एक पाय बाहेर होता.

"अहो, आज सुट्टी आहे."

ह्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "काल बंद, आज सुट्टी. कंपनी बुडाली की काय?"

मग मी चपला घातल्या. दोघं जिना उतरलो आणि बिल्डिंगच्या फाटकाशी सावलीत उभे राहिलो, माझा हात ह्यांच्या दंडाभोवती. हे नाक्याच्या दिशेला बघत होते. बराच वेळ बघितलं. घाम पुसला.

"गेली वाटतं गाडी," म्हणाले.

"गेली."

"तुझ्यामुळे चुकली."

"हो, माझ्यामुळेच."

वर येऊन ह्यांनी बूट काढले, शर्ट बाहेर काढला आणि चहा मागितला. कप हातात घेताना म्हणाले, "उद्या मला जरा लवकर उठव."

"उठवते," मी म्हटलं.