सहा हापूस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. आणि आता सांगताना लाजेपेक्षा रागच जास्त येतोय.

दिल्लीजवळ मानेसरला जुन्या मशिनी घेतो-विकतो. शून्यातून उभा राहिलो, घासाघीस करत. समोरचा 'नाही' म्हणाला की मला हुरूप येतो. घरात मात्र माझं एकच वाक्य — "चोचले नकोत."

दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत दहा-बारा मराठी घरं. दर मे महिन्यात कुलकर्णी काकू सगळ्यांसाठी रत्नागिरीहून हापूस मागवायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या. त्या वर्षी आमची पेटी त्यांच्याकडून घेतली आणि बेसमेंटमध्ये गाडीत जाऊन बसलो. एकच खाईन म्हटलं. लहानपणी पाच भावंडांत माझ्या वाट्याला कायम बाठाच यायचा — पण ते कारण नव्हे. सहा खाल्ले. कोपरापर्यंत रस.

वर आलो. बायकोनं मोजले. "अहो, सहा कमी आहेत."

खरं सांगायला काय जात होतं? हसली असती ती! पण मी भडकलो — आणि तसाच काकूंच्या दारात. तिथे चार घरची माणसं पेट्या न्यायला आलेली. सगळ्यांदेखत ओरडलो, "काकू, मोजता येत नाही, की मधल्यामध्ये हात मारता?"

त्या भांडल्या असत्या तर मी जिंकलो असतो. भांडायला काय झालं होतं त्यांना? "अच्छा, राहिले असतील हो," एवढंच म्हणाल्या आणि स्वतःच्या पेटीतले सहा काढून माझ्या हातात ठेवले. माझ्या हातांना अजून आंब्याचा वास होता. त्यांना आला नसेल?

मी ते सहा घेतले. घरी आणले. पुढच्या वर्षापासून काकूंनी आंबे मागवणं बंद केलं, आणि सोसायटीतली मंडळी म्हणाली — बरं झालं, हिशेब साफ नव्हता बाईंचा. मी मान डोलावली.

ते सहा आंबे घरी आणले त्याच मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी होमवर्कची वही घेऊन आली. इंग्रजी क्रियापदं — अर्थ लिहा, वाक्यात वापरा. "बाबा, इंडल्ज म्हणजे?" म्हटलं, "स्वतःच स्वतःचे चोचले पुरवणं." तिनं लगेच वाक्य लिहिलं — माय फादर नेव्हर इंडल्जेस हिमसेल्फ. खाली पालकांची सही हवी होती.

मी केली.